लेव्हल दहानंतर एलिट? थोडं थांबून ठरवा

मुलगी जिम्नॅस्टिक्समध्ये लेव्हल सात-आठला पोचली की इथे टेक्सासमधल्या मराठी मंडळींकडून हमखास प्रश्न येतो, "मग आता ऑलिंपिक का?" माझी लेक लेव्हल दहापर्यंत, म्हणजे शेवटच्या लेव्हलपर्यंत, खेळली आणि आता कॉलेजच्या संघात आहे. तिच्याबरोबर सराव करणाऱ्या दोघी त्याच्याही वरच्या, ऑलिंपिककडे नेणाऱ्या स्तरावर, म्हणजे एलिट झाल्या. दोन्ही वाटा जवळून पाहिल्यात, म्हणून नव्या पालकांसाठी हे लिहितेय.

एलिटला आपोआप बढती मिळत नाही. त्यासाठीच्या पात्रता स्पर्धेत ठरलेले गुण मिळवावे लागतात. लेव्हल दहाला आणि कॉलेजला गुण दहापैकी असतात. एलिटला २००६ पासून काठिण्याचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे, शिवाय काठिण्याला वरची मर्यादाच नाही. त्यामुळे रूटीन, म्हणजे स्पर्धेत सादर करायचा कसरतींचा संच, अवघड करत नेण्याला अंत नसतो. आठवड्याला तीस तासांच्या आसपास सराव, त्यापायी अनेकींची शाळा ऑनलाइन. सीनियर गटात यायला त्या वर्षात वयाची सोळा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे खरी धावपळ ऐन हायस्कूलमध्येच.

बार्सवर, म्हणजे लोंबकळून कसरती करायच्या दांड्यांवर, तळहाताची कातडी सोलवटते, तिला इथे 'रिप' म्हणतात. रिप झालेल्या हाताने वरणभातावर लिंबू पिळून बघा! आमच्याकडे त्या दिवसांत लिंबू मीच पिळायचे आणि ती चमच्याने जेवायची. पण हे किरकोळ. २०२४ च्या ऑलिंपिक निवड चाचणीसाठी मिनियापोलिसला जमलेल्यांपैकी स्काय ब्लेकली आणि कायला डिचेलो यांचा अकिलीस टेंडन (टाचेमागची शीर) तिथेच तुटला, शिलीस जोन्सचा गुडघा दुखावला. तिघीही संघात येतील अशा तोडीच्या होत्या. जागा मात्र पाचच, आणि तीही संधी चार वर्षांतून एकदा.

मला विचाराल तर आधी कॉलेज डोळ्यांसमोर ठेवा. जिम्नॅस्ट मोहिनी भारद्वाजचं उदाहरण घ्या. वडील भारतीय, आई रशियन. ती यूसीएलएकडून (लॉस एंजेलिसचं विद्यापीठ) खेळली, पदवीनंतर खेळ सोडला, मग परत आली. सरावाचा खर्च भागवायला पिझ्झा पोचवणं, लॉटरीची तिकिटं विकणं, सगळं केलं. २००४ मध्ये अथेन्सला पंचविसाव्या वर्षी अमेरिकेच्या रौप्यविजेत्या संघाची ती कप्तान होती. सांघिक अंतिम फेरीत कोर्टनी कुपेट्स दुखापतीमुळे बीमवर, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायच्या अरुंद पट्टीवर, उतरू शकली नाही, तेव्हा ऐनवेळी मोहिनी उतरली. दहा सेंटीमीटर रुंदीचा बीम, आणि मनाची तयारी करायलाही वेळ नाही. मला तर तिचं पदकापेक्षा हेच जास्त भावतं.

पूर्वी पैसा आणि कॉलेज यांपैकी एकच निवडावं लागे. सिमोन बाइल्सने २०१५ मध्ये व्यावसायिक व्हायचं ठरवलं आणि यूसीएलएकडून खेळायचा बेत सोडून दिला. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं. त्यामुळे टोकियोचं सुवर्ण जिंकूनही सुनी ली ऑबर्न विद्यापीठाकडून खेळू शकली.

जिम निवडताना भिंतीवरच्या ट्रॉफ्या नंतर बघा. पालकांना सराव बघायला बसू देतात का, हे आधी विचारा. अमेरिकी संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचारांच्या नावाखाली मुलींचं लैंगिक शोषण केलं, त्या प्रकरणानंतर नियम कडक झालेत. प्रौढ माणसाने मुलीशी बंद दाराआड एकट्याने भेटायचं नाही, फिजिओनेसुद्धा. "आमच्याकडे तसं काही नसतं हो" असं कोणी हसत म्हणालं तर मी तिथे पैसे भरणार नाही.

कॉलेजचे कोच दहावीच्या वर्षानंतर १५ जूनपासून मुलींशी थेट बोलू शकतात. त्याच्या आधीच व्हॉल्ट, बार्स, बीम आणि फ्लोअर या चारही प्रकारांचे छोटे व्हिडिओ तयार ठेवा. फोन मांडीवर धरून, पुढच्या रांगेतल्या काकांच्या डोक्यासकट काढलेले नकोत. आणि ईमेल मुलीलाच लिहू द्या. एका कोचने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, आईची ईमेल आली की मी ती शेवटी उघडते.