बारावीनंतर सैन्यदलात जावे का? निर्णयापूर्वी तपासून पाहण्याच्या गोष्टी

बारावीचा निकाल लागला की सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, बुलढाणा अशा जिल्ह्यांतील अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. मुलगा वर्षभर पहाटे उठून रस्त्यावर धावत असतो, गावातला कोणी फौजी रजेवर आलेला असतो आणि ‘जाऊ का भरतीला?’ या प्रश्नाला घरात कोणी धड होकारही देत नाही आणि नकारही देत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना हा प्रश्न दर उन्हाळ्यात माझ्यासमोर येतो. त्यावर मी विद्यार्थ्यांना आधी तीन गोष्टी कागदावर लिहायला सांगतो: कोणत्या दाराने आत जायचे आहे, ते दार किती वयापर्यंत उघडे आहे, आणि चार वर्षांनी परत यावे लागले तर हातात काय असेल. हा कागद प्रामाणिकपणे भरला तर पुष्कळांचा निर्णय पक्का होतो आणि काहींचा बदलतो. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत.

जन्मतारखेपासून सुरुवात करा

कागदाच्या वरच्या बाजूला दहावीच्या प्रमाणपत्रावरील जन्मतारीख लिहा, कारण वयाची अट एका दिवसानेही सैल होत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, म्हणजे एनडीएसाठी, अभ्यासक्रम सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते. जवान म्हणून चार वर्षांसाठी भरती करणाऱ्या अग्निपथ योजनेतील मूळ वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षे अशी आहे. आपल्या वर्षाच्या जाहिरातीत जन्मतारखेची अचूक मुदत दिलेली असते, ती वाचून घ्यावी. पदवीनंतर अधिकारी होण्यासाठी असलेली संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, म्हणजे सीडीएस, साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत देता येते. आपल्याकडची बहुतेक मुले सैन्याबरोबरच ज्या पोलीस शिपाई भरतीची तयारी करतात, तिची मर्यादा खुल्या प्रवर्गासाठी २८ वर्षे असून मागासवर्गीयांसाठी त्याहून अधिक आहे.

जे दार आधी बंद होते त्याचा प्रयत्न आधी करावा, एवढा साधा नियम यातून निघतो. प्रत्यक्षात मात्र उलट घडते. एनडीएचे नाव बारावीत कानावर पडते, ‘आपले इंग्रजी कच्चे आहे’ म्हणून ती जाहिरात बाजूला ठेवली जाते, दोन वर्षे मैदानावर जातात आणि जेव्हा मुलाला आत्मविश्वास येतो तेव्हा त्याचे वय उलटलेले असते.

अधिकारी की जवान, हे दोन वेगळे निर्णय आहेत

एनडीएची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो आणि बारावीत शिकत असतानाही तिला बसता येते. गणिताचा पेपर ३०० गुणांचा आणि सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची असते. या दुसऱ्या पेपरात २०० गुण इंग्रजीला असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. स्थलसेनेच्या शाखेसाठी कला आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात, पण गणिताचा पेपर त्यांनाही चुकत नाही. हवाई दल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय बारावीला असावे लागतात. लेखी परीक्षेतून निवडलेल्यांची सेवा निवड मंडळासमोर, म्हणजे एसएसबीसमोर, पाच दिवस पारख होते आणि त्यासाठी आणखी ९०० गुण असतात. पहिल्याच दिवशीच्या चाळणीत मोठ्या संख्येने मुले घरी परततात. मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकार्ये आणि मुलाखत या तिन्हींमधून एकच माणूस दिसतो का, हे तेथे पाहिले जाते. पाठ केलेली उत्तरे त्यामुळेच उघडी पडतात.

निवड झाल्यास तीन वर्षे खडकवासल्याला आणि त्यानंतर डेहराडून, एळिमला किंवा दुंडिगल येथे पुढील प्रशिक्षण होते. प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते, मात्र स्वतःच्या कारणाने मध्येच सोडून आल्यास तो खर्च परत करावा लागतो आणि तशी हमी पालकांकडून घेतली जाते. एका वेळी जागा सुमारे चारशे आणि अर्ज लाखोंनी, त्यामुळे यश मिळेलच असे कोणालाही सांगता येत नाही. तरीही वयात बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने किमान दोन प्रयत्न मनापासून करावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण बारावीच्या गणिताचा अभ्यास ताजा असताना ही परीक्षा जेवढी जवळ असते तेवढी ती पुन्हा कधीच नसते. ज्यांनी जेईई मेन दिली आहे त्यांनी स्थलसेना आणि नौदलाचे बारावीनंतरचे तांत्रिक प्रवेशही पाहावेत.

मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हा भाग आपल्यासाठी नाही असे समजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर एनडीएचे दार मुलींना उघडले, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. नाशिकला राज्य शासनाने खास मुलींसाठी सैनिकी सेवा पूर्वप्रशिक्षण संस्था सुरू केली आहे, तर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची अशी संस्था १९७७ पासून आहे. दोन्हीकडे प्रवेश दहावीनंतर असल्याने बारावी झालेल्यांना त्यांचा उपयोग नाही, पण घरात धाकटे भावंड असेल तर ही माहिती आजच कामाची आहे.

अग्निवीराचा हिशेब

जवान म्हणून भरती होण्याचा मार्ग जून २०२२ पासून अग्निपथ योजनेतून जातो आणि येथे घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला जपून ऐकावा लागतो. त्यांच्या प्रेमाविषयी किंवा अनुभवाविषयी मला शंका नाही. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावले आणि तरीही पुढच्या पिढ्या पलटणीत धाडल्या. ही परंपरा आदराचीच आहे. पण आजोबा किंवा काका ज्या अटींवर भरती झाले त्या वेगळ्या होत्या. पंधरा वर्षे सेवा झाली की आयुष्यभर निवृत्तिवेतन, माजी सैनिक हा दर्जा, कँटीन आणि लष्करी रुग्णालय हे सारे त्यांना ठाऊक असते. अग्निवीराचा, म्हणजे या योजनेतून भरती झालेल्या जवानाचा, करार चार वर्षांचा आहे. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे आणि बाकीच्यांना निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी किंवा माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही.

पैशाचा हिशेब घरच्यांसमोर बसून करावा. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये, पुढे ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये असे वेतन ठरलेले आहे. त्यातील ३० टक्के रक्कम सेवानिधीत कापली जाते, म्हणून पहिल्या वर्षी हातात २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० रुपये पडतात. चार वर्षांत हातात येणारी एकूण रक्कम सुमारे ११ लाख ७० हजार होते. नेमणुकीच्या ठिकाणानुसार मिळणारे भत्ते वेगळे, आणि राहणे, जेवण व गणवेश यांचा भार स्वतःवर नसतो. कापलेले सुमारे ५ लाख २ हजार आणि सरकारने घातलेली तेवढीच रक्कम व्याजासह परत मिळते. योजना जाहीर करताना हा आकडा सुमारे ११ लाख ७१ हजार सांगितला होता आणि तो करमुक्त आहे.

अठराव्या वर्षी भरती झालेला मुलगा बावीस वर्षांचा असताना एवढी पुंजी घेऊन घरी येईल, हे चित्र वाईट नाही. प्रश्न त्या दिवसानंतरच्या सोमवारचा आहे. त्याच्या वर्गातला मित्र तोवर पदवीधर झालेला असेल किंवा आयटीआय करून चाकणला तीन वर्षे काम केलेला असेल. म्हणून मी विचारतो, की शंभरातील पंचाहत्तरांमध्ये आपण असू असे धरून तुमची योजना काय आहे? केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अग्निवीरांसाठी जागा राखीव ठेवण्याचा निर्णय झालेला आहे, पण राखीव जागा म्हणजे हातात पडलेले नेमणूकपत्र नव्हे. परीक्षा आणि स्पर्धा तेथेही आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी असा पदवी अभ्यासक्रम आखला आहे, ज्यात निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाचे धरले जातात. बारावी झालेल्याने त्याचा लाभ घेतलाच पाहिजे, आणि भरतीला जाण्यापूर्वीच पदवीचा विचार करून ठेवला पाहिजे. तांत्रिक अग्निवीर म्हणून जाण्याइतके विज्ञान शाखेचे गुण असतील तर केवळ जनरल ड्यूटीच्या, म्हणजे सर्वसाधारण जवानाच्या, रांगेत उभे राहू नये. चार वर्षांनी बाहेर पडताना हाताशी असलेले काम दाखवता येते.

आणखी एक अट फार थोड्यांना ठाऊक असते. चार वर्षे पूर्ण होण्याआधी स्वतःच्या इच्छेने सोडण्याची मुभा केवळ अपवादात्मक परिस्थितीत मिळते, आणि तशी मिळाली तरी सेवानिधीतील सरकारचा वाटा मिळत नाही.

अकॅडमीची फी भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी

लेखी परीक्षा आणि मैदान मारून वैद्यकीय तपासणीत बाद होणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांचे दुःख टाळता येण्याजोगे होते. सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा घासणे, रंगांधळेपणा, तिरळेपणा, पायाच्या फुगलेल्या शिरा, कानाचा पडदा, कमी दात, हाताच्या आतल्या बाजूखेरीज इतरत्र गोंदलेले चित्र, यांपैकी बहुतेक गोष्टी अस्थिरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एका दिवसात समजतात. काहींवर वेळेत उपचार होतो; रंगांधळेपणावर होत नाही, आणि ते सतराव्या वर्षी समजलेले बरे. जनरल ड्यूटीसाठी महाराष्ट्रातील उमेदवाराची उंची साधारणपणे १६८ सेंटिमीटर लागते. या तपासण्या झाल्यावरच भरती अकॅडमीत पैसे गुंतवावेत.

आता स्थलसेनेत आधी संगणकावर सामाईक प्रवेश परीक्षा होते आणि त्यातून निवडलेल्यांनाच भरती मेळाव्याला बोलावले जाते, त्यामुळे केवळ धावण्यावर विसंबून चालत नाही. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आणि दहा बीम, म्हणजे पुल-अप, मारले तर पूर्ण गुण मिळतात. आज तुमची वेळ सात मिनिटे असेल तर घाबरू नका, सहा महिन्यांत ती उतरते. मात्र घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या. ‘आत माझी ओळख आहे’ म्हणून पैसे मागणारा माणूस भेटला तर तो दलाल आहे असे समजून उठून यावे. या निवडीसाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत, आणि त्यापायी जमिनीचा तुकडा विकलेली घरे या भागात आहेत.

स्वतःला आणि घराला विचारण्याचे प्रश्न

दुसऱ्याने ठरवलेल्या वेळी उठणे, चुकीवर सर्वांसमोर ऐकून घेणे, सण आणि लग्ने चुकवणे, नेमणूक आपण न निवडता ती आपल्याला दिली जाणे, हे सैनिकी जीवनाचे रोजचे स्वरूप आहे. हे सोसवेल की नाही याचा अंदाज वाचून येत नाही. महाविद्यालयात एनसीसी असेल तर एक वार्षिक शिबिर पूर्ण करावे. रजेवर आलेल्या जवानाला बंदुकीविषयी विचारण्याऐवजी पहिल्या तीन महिन्यांत रडू केव्हा आले होते, पगारातून किती उरते आणि बायको आजारी असताना काय केले, हे विचारावे. शक्य असल्यास गेल्या दोन-तीन वर्षांत भरती झालेल्या अग्निवीराशीच बोलावे, कारण आजच्या अटी त्यालाच ठाऊक असतात. ‘अभ्यास जमत नाही म्हणून सैन्य’ हे कारण मला नेहमी काळजीत टाकते. तेथेही शिकावे लागते, आणि नियमित सेवेसाठीची निवड चार वर्षांच्या कामगिरीवरच होते.

मृत्यूचा विषय घरात टाळला जातो, आणि तो टाळू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराला सियाचिनमध्ये वीरमरण आले. अग्निवीराला ४८ लाखांचा विमा असतो, कर्तव्यावर मृत्यू आल्यास ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान असते, आणि अपंगत्व आल्यास त्याच्या प्रमाणानुसार रक्कम ठरलेली आहे. मात्र नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळते तसे कुटुंब निवृत्तिवेतन नाही. पुण्यात खडकीला पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालू आहे. जखमी होऊनही जगत राहणे हाही या पेशाचा भाग आहे, हे आईवडिलांनी आणि मुलाने एकमेकांसमोर एकदा तरी उच्चारावे.

अर्ज भरण्याच्या काही दिवस आधी त्या वर्षीची अधिकृत जाहिरात संपूर्ण छापून घ्या आणि सेवेच्या अटींचा भाग घरी मोठ्याने वाचा. आईला इंग्रजी येत नसेल तर वाक्यावाक्याला थांबून मराठीत सांगा. उमेदवार अठरा वर्षांखालील असेल तर भरतीच्या कागदावर पालकांची सही लागते, आणि आपण कशावर सही करत आहोत हे त्यांना त्या दिवशी माहीत असले पाहिजे.