शैवाल वाढवायला घेताय? आधी हवेचं बघा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला क्लोरेला (एकपेशीय हिरवं शैवाल) घेतलं तेव्हा माझं सगळं लक्ष लाइट आणि मीडियावर, म्हणजे शैवाल वाढतं त्या पोषक द्रावणावर होतं, हवेचं काय, फिशटँकचा पंप लावला की झालं. आठ दिवसांत पेशी बाटलीच्या तळाला हिरवा थर धरून बसल्या. म्हणून पंप वाढवला, एक लिटर कल्चरला (द्रावणात वाढणाऱ्या शैवालाला) मिनिटाला जवळजवळ एक लिटर हवा, आणि ओडी (कल्चर किती दाट झालं ते सांगणारं प्रकाशाचं रीडिंग) मस्त चढायला लागली. मी खूश.

मग सरांनी बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, पाणी कुठे गेलं? खरंच, शंभर-दीडशे मिली कमी झालं होतं, कोरडी हवा सतत जात असली की ती पाणी घेऊनच बाहेर पडते, कल्चर आटतं, आणि ओडी वाढते ती सगळी वाढीमुळे नसते. माझी तेवढी सगळी रीडिंग वाया गेली हो. तेव्हापासून पहिल्या दिवशीच पातळीला मार्करने रेघ मारते आणि रीडिंगच्या आधी निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरने तिथपर्यंत भरते. शिवाय पंप, मग ०.२ मायक्रॉनचा फिल्टर, मग ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या) पाण्याची बाटली, मग कल्चर, असा क्रम ठेवा, हवा ओली होऊन जाते आणि फिल्टर कोरडा राहतो, भिजला की हवा अडते.

साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो, त्यामुळे कल्चर दाट झालं की तो पुरत नाही आणि पीएच वर जातो. सोय असेल तर हवेत तो १ ते ५ टक्के होईल इतका मिसळा, पण पीएच बघत बघत, एकदम नको, कारण जास्त झाला तर पीएच खाली येतो. बुडबुड्यांचं दुसरं काम म्हणजे तयार झालेला ऑक्सिजन बाहेर काढणं, लांब नळ्यांच्या रिअ‍ॅक्टरमध्ये तो साठून प्रकाशसंश्लेषणच मंदावतं. आणि ढवळल्यामुळे आतल्या पेशींनाही आळीपाळीने उजेड मिळतो, दाट कल्चरमध्ये तर उजेड काही सेंटीमीटरच्या पुढे जात नाही.

पण जोर किती लावायचा हे जातीवर आहे. क्लोरेलाची भिंत घट्ट, ते बरंच सोसतं, ड्युनालिएला या दुसऱ्या शैवालाला मात्र पेशीभित्तीच नसते, तिथे फुटणाऱ्या बुडबुड्यांनीच पेशी फाटतात, हवा हळूच सोडा.

आणि लाइट जाते तेव्हा काय होतं ते आधीच बघून ठेवा, पंप खाली असेल तर कल्चर नळीतून उलटं त्याच्यात उतरतं, म्हणून पंप बाटलीपेक्षा उंच फळीवर ठेवा नाहीतर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावा.