ग्रीक चांदीची नाणी किती पाडली गेली? ठसे मोजून अंदाज कसा काढावा

अथेन्सच्या टांकसाळीची हिशेबवही आज उरलेली नाही. तिथे किती चांदीची नाणी पडली हे नाण्यांनाच विचारावे लागते. ‘आज नाणे दुर्मिळ आहे, म्हणजे तेव्हा थोडेच पाडले असणार’ हा सल्ला मात्र पहिल्याच दिवशी सोडून द्या. अथेन्सच्या दहा ड्राख्मांच्या (ड्राख्मा हे ग्रीकांचे चांदीचे चलन) नाण्याचे 1984 पर्यंत जगात जेमतेम डझनभर नमुने माहीत होते. त्या वर्षी तुर्कस्तानात एल्मालीजवळ सुमारे 1,900 नाण्यांचा निधी, म्हणजे पुरून ठेवलेला साठा, निघाला आणि त्या एका निधीत या नाण्याचे डझनाहून जास्त नमुने होते. दुर्मिळता कुदळ कुठे पडते यावर ठरते.

म्हणून मोजायचे ते ठसे, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारे कोरीव साचे. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला असे, त्यावर चांदीची चकती, तिच्यावर कारागिराने धरलेला वरचा ठसा आणि वरून घणाचा घाव. घाव थेट वरच्या ठशावर बसतो म्हणून तो लवकर फुटतो. ऐरणीतला जास्त टिकतो. हिशेब या खालच्या ठशांचा, म्हणजे नाण्याच्या पुढच्या बाजूचा करायचा.

मालिका आणि छायाचित्रे

एकच आटोपशीर मालिका घ्या. माझी शिफारस अथेन्सच्या ‘नव्या शैली’च्या टेट्राड्राख्मांची, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या आणि पहिल्या शतकातल्या चार ड्राख्मांच्या नाण्यांची. वजन साधारण 16.8 ग्रॅम. पुढे शिरस्त्राण घातलेली अथेना, मागे आडव्या पडलेल्या अँफोरा कुंभावर उभे घुबड, भोवती ऑलिव्हच्या पानांची माळ. अधिकाऱ्यांची नावे कोरलेली असल्यामुळे वर्षवार गट आपोआप पडतात, आणि कुंभावर महिन्याचे अक्षरही असते. त्यातल्या एका वर्षाची नाणी निवडा. संग्रहालयांच्या सूची आणि लिलावांच्या याद्या यांतून शंभरेक छायाचित्रे गोळा करा, सगळी एका मापाची करा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या.

एकच ठसा की दोन?

खरे काम इथे आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक नेमके इथेच ‘नीट निरखून पाहा’ एवढे सांगून पुढे जातात. निरखून मीही पाहिले होते. पहिल्या अभ्यासात मी एका ठशाचे तीन ठसे केले. कारण साधे होते: एका चित्रात उजेड डावीकडून होता, दुसऱ्यात वरून. अथेनाचे नाक एकीकडे सरळ दिसत होते, दुसरीकडे किंचित बाकदार. नाक तेच होते, सावली बदलली होती.

तेव्हापासून मी चेहऱ्यावरचा भाव पाहत नाही, अंतरे पाहतो. प्रत्येक नाण्यावर तीन ठाम बिंदू धरा. या मालिकेत मी नाकाचा शेंडा, कर्णभूषणाचे खालचे टोक आणि शिरस्त्राणावरच्या पंखवाल्या घोड्याच्या पंखाचे टोक धरतो. या तिघांचा त्रिकोण जुळला तरच पुढे जायचे. मग चौथी खूण म्हणून बटांचा किंवा काठाच्या ठिपक्यांचा संबंध तपासायचा. नाण्याच्या कडेवरून काहीही ठरवू नका. चकती सरकली की कड बदलते, ठसा बदलत नाही.

ठशाला तडा जातो तेव्हा चांदी त्या भेगेत शिरते आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. एका नाण्यावर रेघ आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून दोन ठसे मानू नका. बाकी सगळे जुळत असेल तर ठसा एकच, आणि रेघ नसलेले नाणे आधी पडलेले. रेघ वाढत गेलेली दिसली तर नाण्यांचा क्रमही हाती लागतो. झिजेचेही तसेच. नाणे वापरात झिजले की उंच भाग सपाट होतात, गाल आणि केसांचे वळसे आधी जातात. ठसाच झिजला असेल तर मोकळ्या जागेत मध्याकडून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात. शिवाय झिजलेला ठसा कारागीर पुन्हा कोरत. अशा वेळी एखादी बट जाड होते, पण तिची जागा हलत नाही.

संगणकावर एका चित्रावर दुसरे ठेवून निर्णय घेण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. संभाव्य जोड्या वेगळ्या काढायला ते ठीक आहे, पण कॅमेरा जरा तिरका असला तरी त्रिकोण बिघडतो. निर्णय डोळ्यांनी घ्या आणि दोनदा घ्या. पहिल्या वर्गवारीनंतर आठवडाभर थांबा, चित्रे पिसा, मागची बाजू झाका, पुन्हा वर्ग करा. दोन्ही वेळचे न जुळलेले नमुने ‘अनिश्चित’ गटात टाका.

हाताला सराव हवा असेल तर क्षत्रप राजा नहपानाची चांदीची नाणी पाहा. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये त्यांचा तेरा हजारांहून मोठा निधी सापडला, आणि त्यांच्या पुढच्या बाजूला राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरे आहेत. सुरुवातीला गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छाप मारलेली नाणी मात्र बाजूला ठेवा. त्यांत मूळ ठसा अर्धा पुसलेला असतो.

आकडेमोड

समजा 120 नाण्यांत पुढचे 30 ठसे सापडले. नाण्यांची संख्या गुणिले ठशांची संख्या, भागिले त्या दोहोंतला फरक: 3,600 भागिले 90, म्हणजे मुळात सुमारे 40 ठसे. आता वर सांगितलेली चूक करून पाच ठसे फुकट वाढवा. 35 ठशांनी उत्तर 49 च्या वर जाते. पाचाची चूक नवाची झाली, म्हणून मी त्या पायरीवर एवढा अडून बसतो.

तीसपैकी नऊ ठसे एकेकदाच दिसले असतील, तर 9 भागिले 120 म्हणजे 7.5 टक्के, हा न दिसलेल्या ठशांच्या नाण्यांचा अंदाजे वाटा. अर्थात टांकसाळीच्या सुमारे साडेब्याण्णव टक्के नाण्यांचे ठसे तुमच्या पाहण्यात आले. पण एकच नाणे दोन लिलावांत विकले गेले आणि तुम्ही ते दोनदा मोजले, तर एकेकटे ठसे कमी दिसतात आणि ही टक्केवारी खोटी फुगते. वजन आणि कडेचा आकार पाहून अशी जुळी नाणी काढून टाका. एकाच निधीतून आलेली नाणीही जपून घ्या. टांकसाळीतून निघाल्यावर लगेच पुरलेल्या निधीत थोड्याच ठशांची गर्दी असते, आणि वरचे सूत्र नमुना सरमिसळ असल्याचे गृहीत धरते.

ठशांवरून नाणी

एका ठशातून किती नाणी पडत? डेल्फीच्या अँफिक्टिओनी संघाने, म्हणजे तिथले देऊळ सांभाळणाऱ्या ग्रीक राज्यांच्या संघाने, इ.स.पू. चौथ्या शतकात पाडलेल्या नाण्यांच्या चांदीचा हिशेब शिलालेखांत टिकला आहे. त्यावरून पुढच्या एका ठशाला सुमारे 23,000 ते 47,000 नाणी असा अंदाज निघाला. संशोधक बरेचदा 20,000 धरतात, आणि असा एकच आकडा धरण्याला नाणेतज्ज्ञ टी. व्ही. बटरी यांनी 1990 च्या दशकात कडाडून विरोध केला. मला त्यांचा इशारा योग्य वाटतो, पण त्यासाठी काम सोडून देणे योग्य वाटत नाही. दहा, वीस आणि तीस हजार अशा तिन्ही आकड्यांनी हिशेब करा. 40 ठशांची चार, आठ आणि बारा लाख नाणी होतात. टॅलेंट हे ग्रीकांचे चांदी मोजण्याचे मोठे माप; एका टॅलेंटमध्ये 1,500 टेट्राड्राख्म, म्हणजे अंदाजे 267, 533 आणि 800 टॅलेंट. तिन्ही छापा. मधलाच छापलात तर वाचणारा तोच खरा धरतो.

‘दर वर्षी इतकी’ असे लिहिण्याआधी कालक्रम तपासा. नाणेतज्ज्ञ मार्गारेट थॉम्पसन यांनी 1961 च्या आपल्या सूचीत ही मालिका इ.स.पू. 196 च्या सुमारास सुरू केली होती. पुढे निधींच्या पुराव्यावरून ती सुरुवात तीसेक वर्षे अलीकडे आली. ठसे तेवढेच राहिले, पण ते कोणत्या वर्षांत मांडायचे हे बदलले. म्हणून ठशांची मोजणी एका तक्त्यात ठेवा, वर्षांची दुसऱ्यात, आणि ‘अनिश्चित’ गटातल्या नाण्यांची छायाचित्रे क्रमांकांसह सोबत द्या.