पी-मूल्यांची गर्दी आलेखात कशी मांडावी

एकच चाचणी असली की काम सोपं असतं. पी-मूल्य म्हणजे प्रत्यक्षात काही फरक नसताना निदान इतका फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता. ते ०.०५ च्या खाली आलं तर निकाल सार्थक, म्हणजे दखल घेण्याजोगा, वर राहिलं तर नाही. आलेखावर एक चांदणी काढली की झालं. घोळ सुरू होतो तो चाचण्या वीस, दोनशे किंवा वीस हजार झाल्यावर. प्रत्यक्षात कुठेच काही फरक नसला, म्हणजे शून्य गृहीतक सगळीकडे खरं असलं, तरी वीस स्वतंत्र चाचण्यांत निदान एक तरी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. (१ मधून ०.९५ चा विसावा घात वजा करा, कॅल्क्युलेटरवर लगेच दिसेल.) शंभर चाचण्यांत ती ९९ टक्क्यांच्याही वर जाते.

याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण मेलेल्या माशाचं आहे. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि त्या माणसांच्या मनात काय चाललंय ते ओळखायला सांगितलं. २००९ मध्ये त्यांनी निकाल मांडला: तपासलेल्या ८०६४ बिंदूंपैकी १६ बिंदू 'सक्रिय' निघाले होते. चाळणी काही सैल नव्हती, उंबरठा ०.००१ चा होता. पण आठ हजार ठिकाणी तो लावला तर आठेक खोटे बिंदू निघणारच, आणि शेजारचे बिंदू एकमेकांसारखे वागत असल्यामुळे ते पुंजक्यानं निघतात. अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती केल्यावर मासा पुन्हा मेला. २०१२ मध्ये या कामाला इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं.

त्या प्रयोगातलं मला सगळ्यात शिकवून गेलेलं म्हणजे त्याचं चित्र. माशाच्या करड्या प्रतिमेवर रंगीत ठिपके, अगदी पटण्यासारखे. का पटतात? कारण चित्रात फक्त पास झालेले बिंदू रंगवलेले आहेत. नापास झालेले आठ हजार कुठे दिसतच नाहीत. पी-मूल्य त्याच्या भावंडांशेजारी ठेवल्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून आलेखात अख्खं कुटुंब यायला हवं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: चाचण्या खरोखर किती झाल्या ते मोजा

कंटाळवाणं काम, पण चूक बहुतेक वेळा इथेच होते. आठ गटांची एकमेकांशी तुलना म्हणजे आठ चाचण्या नव्हेत, २८ जोड्या होतात. दहा गटांच्या ४५. एखादी तुलना करून पाहिली, 'काही निघालं नाही' म्हणून बाजूला टाकली, तरी ती मोजायचीच. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, आलेखाखालच्या ओळीत तो लागणार आहे. कुठली दुरुस्ती वापरायची तेही आत्ताच ठरवा. निकाल पाहून पद्धत निवडली तर दुरुस्तीला काही अर्थ उरत नाही.

पायरी २: आधी सगळ्या पी-मूल्यांचा हिस्टोग्राम काढा

हिस्टोग्राम म्हणजे कुठल्या टप्प्यात किती मूल्यं पडली ते दाखवणारा स्तंभांचा आलेख. हा आलेख प्रकाशित करायची गरज नाही, पण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन मिनिटांचं काम आहे आणि मी पाहिलेल्या निम्म्याअधिक गडबडी इथेच पकडल्या गेल्या आहेत.

त्यामागचं तत्त्व असं. शून्य गृहीतक खरं असेल आणि चाचणी नीट बेतलेली असेल, तर पी-मूल्य ० ते १ मध्ये कुठेही सारख्याच शक्यतेनं पडतं. म्हणजे नुसत्या योगायोगाचा हिस्टोग्राम सपाट, पठारासारखा दिसतो. खरे परिणाम असले की त्या पठारावर डावीकडे, शून्यापाशी, एक उंच सुळका येतो.

समजा १००० चाचण्या आहेत आणि ०.०५ रुंदीचे २० स्तंभ केलेत. कुठेच काही नसेल तर प्रत्येक स्तंभ ५० च्या आसपास हवा. तुमच्या आलेखात मात्र पहिला स्तंभ २४० उंच आहे आणि बाकीचे सगळे ४० च्या घरात. आता ४० च्या उंचीवर एक आडवी रेघ मारा. उजवीकडच्या पठारावरून कळतं की जवळपास ८०० चाचण्यांत काही नाही. आणि पहिल्या स्तंभाचाही ४० पर्यंतचा भाग हा त्याच योगायोगाच्या पठाराचा आहे. म्हणजे ०.०५ खालच्या २४० निकालांपैकी सुमारे ४०, सहातला एक, खोटा. कुठलाही नाव असलेला नियम न लावता, नुसत्या डोळ्यांनी तुम्ही खोट्या शोधांचं प्रमाण काढलंत.

पठार सपाट नसेल तर थांबा. मध्ये फुगवटा दिसला किंवा सगळा उतार उजवीकडे चढत गेला, तर चाचणीचं एखादं गृहीत मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. ० आणि १ अशा दोन्ही टोकांना सुळके दिसले तर बहुधा एकतर्फी चाचणी लावली गेली आहे आणि काही परिणाम उलट्या दिशेचे आहेत. असा आकार दिसत असताना दुरुस्तीचा कुठलाही नियम लावणं व्यर्थ आहे, आधी चाचणी दुरुस्त करा.

एक तांत्रिक खोड: काही सॉफ्टवेअर पहिल्या स्तंभाचा मध्य शून्यावर ठेवतात. शून्याच्या डावीकडे पी-मूल्य असू शकत नाही, त्यामुळे तो स्तंभ अर्धा रिकामा राहतो आणि सुळका खुजा दिसतो. स्तंभाची कड बरोबर शून्यावर येईल अशी सेटिंग करा.

पायरी ३: उंबरठ्याची रेघ आलेखावरच ओढा

दोन मार्ग प्रचलित आहेत. इटालियन गणिती कार्लो बोन्फेरोनी यांच्या नावाचा मार्ग सरळ आहे: ०.०५ ला चाचण्यांच्या संख्येनं भागा. 'एकही खोटा निकाल नको' अशी भूमिका असेल तेव्हा तो योग्य. (१९७९ मधली होल्म यांची पद्धत तीच हमी देते आणि कधीच जास्त कडक नसते, त्यामुळे साधी बोन्फेरोनी वापरायला फारसं कारण उरत नाही.) दुसरा मार्ग योआव बेंजामिनी आणि योसेफ हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडला. तो म्हणतो, निवडलेल्या निकालांत खोट्यांचं प्रमाण सरासरीनं ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर चालेल. शेकडो चाचण्यांतून पुढच्या तपासासाठी उमेदवार निवडायचे असतील तर मी हाच घेतो.

या दुसऱ्या पद्धतीची खुबी अशी की ती मुळात चित्रच आहे. पी-मूल्यं चढत्या क्रमानं लावा. आडव्या अक्षावर क्रमांक, उभ्या अक्षावर पी-मूल्य. मग शून्यातून निघणारी एक तिरपी रेघ ओढा, जिची उंची प्रत्येक क्रमांकावर '०.०५ गुणिले क्रमांक भागिले एकूण चाचण्या' इतकी असेल. दहा चाचण्या घेऊन करून पाहू:

०.०००८, ०.००४, ०.०१६, ०.०१९, ०.०२४, ०.०४१, ०.२१, ०.३८, ०.५७, ०.८२

तिरप्या रेघेची उंची पहिल्या क्रमांकावर ०.००५, मग ०.०१०, ०.०१५, ०.०२०, ०.०२५, ०.०३० अशी वाढत जाते. पहिले दोन बिंदू रेघेखाली आहेत. तिसरा, ०.०१६, किंचित वर. चौथा आणि पाचवा पुन्हा खाली. सहावा वर, आणि मग सगळेच वर. नियम असा: रेघेखालचा शेवटचा बिंदू शोधा आणि त्याच्यासकट डावीकडचे सगळे घ्या. म्हणजे पाच निकाल, तिसराही त्यात आला. डावीकडून चालत जाऊन पहिला वरचा बिंदू दिसला की थांबायचं ही नेहमीची चूक. तसं केलं तर इथे दोनच हाती लागतात.

आता त्याच आलेखावर ०.०५ आणि ०.००५ अशा दोन आडव्या रेघाही फिकट रंगात ओढा. दुरुस्तीविना सहा निकाल, तिरप्या रेघेनं पाच, बोन्फेरोनीनं दोन. वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं की कुठला निकाल भक्कम आहे आणि कुठला पद्धतीच्या मर्जीवर उभा आहे. हिशेब संगणकावर करणार असाल तर 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत पी.अ‍ॅडजस्ट नावाचं फंक्शन आहे. पद्धत सांगितली नाहीत तर ते होल्मची पद्धत लावतं, तेव्हा सांगायला विसरू नका. पायथनमध्ये हे काम स्टॅट्समॉडेल्स हे पॅकेज करतं.

पायरी ४: मुख्य आलेख निवडा

चाचण्या हजारांत असतील तर ०.००१ आणि ०.०००००१ साध्या अक्षावर वेगळे दिसतच नाहीत. म्हणून पी-मूल्याचा दहाच्या पायाचा लॉग घेऊन त्याचं चिन्ह उलटवतात: ०.०५ ची उंची १.३०, ०.००१ ची ३. जितकं उंच तितका योगायोग अवघड.

ज्वालामुखी आलेखात ही उंची उभ्या अक्षावर आणि परिणामाचा आकार आडव्या अक्षावर असतो. मला तो आवडतो, कारण सार्थक पण क्षुल्लक परिणाम मधोमध उंच चढलेले उघडे पडतात. फक्त त्यातली आडवी रेघ सवयीनं १.३० वर ओढली जाते, तिथे लक्ष ठेवा. वरच्या दहा चाचण्यांत पास झालेलं सर्वांत मोठं पी-मूल्य ०.०२४ होतं, म्हणून रेघ १.६२ वर हवी. बोन्फेरोनी वापरलीत तर २.३० वर. नापास बिंदू पुसू नका, राखाडी आणि पोकळ ठेवा. लाल-हिरव्या जोडीवर विसंबू नका, अनेकांना ते रंग वेगळे दिसत नाहीत.

जनुकांच्या अभ्यासात मॅनहॅटन आलेख चालतो, गगनचुंबी इमारतींच्या रांगेसारखा दिसतो म्हणून ते नाव. तिथली ठरलेली रेघ ७.३० वर असते: ०.०५ भागिले साधारण दहा लाख स्वतंत्र चाचण्या. त्याच्या जोडीला क्यू-क्यू आलेख असावाच. त्यात योगायोगानं अपेक्षित उंची आडवी आणि प्रत्यक्ष उंची उभी मांडतात. बिंदू बराच वेळ कर्णावर राहून शेवटी उचलले गेले तर ठीक. सुरुवातीपासूनच कर्ण सोडून वर गेले तर सगळी मोजणीच कशानं तरी फुगली आहे.

गटांच्या जोडी-तुलनेत सरासरीवर ९५ टक्क्यांच्या विश्वास-अंतराच्या (खरी सरासरी ज्या टप्प्यात असावी त्याच्या) पट्ट्या काढून 'पट्ट्या एकमेकांवर आल्या, म्हणजे फरक नाही' असं वाचलं जातं. ते चूक आहे. दोन स्वतंत्र गटांची प्रमाणत्रुटी (सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता) सारखी असेल तर पट्ट्या जेमतेम टेकतात तेव्हाच पी-मूल्य ०.००६ च्या जवळ आलेलं असतं. त्यापेक्षा फरकांचाच आलेख काढा: प्रत्येक जोडीसाठी एक आडवी पट्टी, दुरुस्ती करून रुंद केलेली, आणि मध्ये शून्याची उभी रेघ. २८ पट्ट्या सहज मावतात.

पायरी ५: आलेखाखाली एक ओळ

चाचण्यांची संख्या, पद्धत, पातळी. उदाहरणार्थ: 'एकूण १० चाचण्या, भरीव बिंदू बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीनं ५ टक्के पातळीवर पास, तुटक रेघ ०.०२४ वर.' चांदण्या काढायच्याच असतील तर त्या दुरुस्त पी-मूल्यांवर काढा आणि तसं लिहा.

पायरी ६: ओळखपरेड

ही वेळ असेल तरच, पण करून पाहा. गटांची नावं नोंदींवर यादृच्छिकपणे वाटा, सगळ्या चाचण्या पुन्हा चालवा, तोच आलेख काढा. असं १९ वेळा. मग खरा आलेख त्यांत मिसळून २० चित्रं एका पानावर मांडा आणि कुणाला तरी वेगळं दिसणारं चित्र ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजानं खरं ओळखलं जाण्याची शक्यता वीसात एक, म्हणजे तेच आपलं ०.०५. मात्र ज्यानं खरा आलेख आधी पाहिलाय तो साक्षीदार चालणार नाही, त्यामुळे तुम्ही स्वतः बाद.