डॉक टाकताय? मग या चुका टाळा

आपल्या बेळगाव-खानापूरकडची पोरं नवीन कॉम्प्युटर आला की पहिल्या दिवशीच डॉक शोधायला बसतात, मॅकसारखी खाली आयकॉनची पट्टी पाहिजे, माऊस नेला की आयकॉन फुगले पाहिजेत. हौसेला माझी ना नाही. पण तेच ते घोळ निस्तरून कंटाळलोय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काम कशात करतो ते न बघता डॉक लावणे. गेल्या लग्नसराईत निपाणीहून एका डीटीपीवाल्या मामांचा फोन, "लवकर ये रे, पत्रिका अडकलीय." जाऊन बघतो तर कोरलड्रॉमध्ये दोन पानांची पत्रिका, एक पान मराठी, एक कन्नड. कोरलमध्ये पान बदलायचे टॅब खाली डावीकडे असतात आणि भाच्यानं टाकलेला डॉक पण खालीच, ऑटो-हाइडवर (एरवी लपलेला, माऊस नेला की वर येणारा), त्यात तीसेक आयकॉन कोंबलेले म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. मामा दुसऱ्या पानावर जायला माऊस खाली नेतात की डॉक उसळून वर, आणि क्लिक पडतो भलत्याच आयकॉनवर. सकाळपासून हेच, दारात गिऱ्हाईक उभं.

भाचा म्हणतो डावीकडे सरकवू. अरे तिथं टूलबॉक्स आहे, उजवीकडे रंगांची पट्टी, वर मेनू, जागा आहे कुठं? मी डॉक काढूनच टाकला, कोरल आणि फोटोशॉप टास्कबारवर पिन केले. विंडोज बटण धरून 1 दाबलं की कोरल, 2 दाबलं की फोटोशॉप. मामांना दोन मिनिटांत जमलं. म्हणून सांगतो, आधी दोन दिवस आपला माऊस कुठं कुठं जातो ते बघा, मग डॉक निवडा. एवढा दम धरायला काय जातं?

दुसरी चूक, जुनं सॉफ्टवेअर कुठल्याही साइटवरून उतरवणे. रॉकेटडॉकचं नाव अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्याची 1.3.5 ही आवृत्ती विंडोज 7 च्या आधीची, त्यानंतर काम थांबलं. साइटवरचं मोठं हिरवं बटण दाबलं की बरोबर नको ते दोन-तीन प्रोग्रॅम येतात, मग ब्राउझरचं होमपेज बदललं म्हणून रडत बसा. विंडोजवर डॉक पाहिजेच असेल तर विनस्टेपचा नेक्सस घ्या, तोही त्यांच्याच साइटवरून, आणि इन्स्टॉल करताना नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करू नका, प्रत्येक टिक वाचा.

उबंटू लिनक्सवाल्यांनो, तुमच्याकडे 2017 च्या 17.10 आवृत्तीपासून डॉक आहेच की, त्यावर प्लँक हा आणखी एक डॉक कशाला? प्लँक एक्स11 साठी, म्हणजे लिनक्समधल्या स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेसाठी बनलाय, वेलँड या नव्या यंत्रणेवर धड चालत नाही. लिनक्सवरच्याच लॅटे डॉकचं काम तर 2022 मध्येच थांबलं.

आयकॉन आठच्या वर नकोत, माझ्याकडे सहा आहेत.

आणि डॉकवरून आयकॉन ओढून काढला म्हणजे सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल झालं असं नसतं, नुसता शॉर्टकट गेला.