दागिन्यांची साइट सुधारायची तर आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडा

साइट आहे, फोटो आहेत, किंमतही लिहिलेली आहे, तरी गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन विचारतंच: ‘ताई, ही नथ दाबाची आहे का?’, ‘जड आहे का?’, ‘गणपतीआधी मिळेल ना?’ साइटवर काय कमी आहे याची ही तयार यादी आहे. गेल्या तीन महिन्यांचे चॅट चाळा, प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा आणि तोच पुन्हा आला की पुढे रेघ मारा. ज्याच्यापुढे पाच रेघा झाल्या, त्याचं उत्तर वस्तूच्या पानावर फोटोच्या लगेच खाली गेलं पाहिजे. थीम, रंग, लोगो यांवर पैसे घालायची घाई नको. त्यांच्यामुळे ऑर्डर अडलेली क्वचितच असते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो वस्तूच्या वर्णनाला. ‘सुंदर पारंपरिक बुगडी, प्रत्येक सणाला शोभणारी’ यातून काहीच कळत नाही. असं लिहा: ‘मोत्यांची बुगडी, जोडी. दाबाची, कान टोचलेला नसला तरी चालते. उंची १८ मिमी, एका बुगडीचं वजन ३ ग्रॅम. तांब्याच्या तारेवर सोन्याचा मुलामा, मोती काचेचे. ऑर्डरनंतर ४ दिवसांत पाठवतो.’ वजनासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. स्वयंपाकघरातला काटा बहुधा पूर्ण ग्रॅमच दाखवतो आणि कानातल्यात अर्धा ग्रॅमही जाणवतो.

धातूचं नाव लिहिताना आडपडदा नको. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलने काहींच्या कानाला खाज सुटते, म्हणून ते नावानिशी लिहा. ‘वन ग्रॅम गोल्ड’ म्हणायचंच असेल तर शेजारी ‘मुलामा’ हा शब्द हवा. शिंपल्यांचे दागिने करणाऱ्यांनी आणखी एक बघावं: प्रवाळ आणि काही जातींचे शंख-कवड्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत आहेत. ते किनाऱ्यावर आयते सापडले म्हणून विकता येत नाहीत. जात ओळखू येत नसेल तर तो माल साइटवर चढवूच नका.

बांगड्या परत येतात त्या बहुधा मापामुळे. २.४ म्हणजे दशांश चिन्हाचे २.४ इंच नव्हेत. टिंबानंतरचा आकडा इंचाचे सोळांश सांगतो, म्हणजे २.४ ची बांगडी आतून सव्वादोन इंच, साधारण ५७ मिमी. २.६ म्हणजे ६० मिमी आणि २.८ म्हणजे अडीच इंच, ६३.५ मिमी. पानावर मापासोबत मिलिमीटर छापा आणि घरातली नीट बसणारी बांगडी पट्टीवर आडवी ठेवून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायला सांगा. बाहेरून मोजलं की माप एक नंबर मोठं येतं आणि बांगडी हातातून निसटते.

फोटो पाच पुरे: समोरून, मागून (फिरकी किंवा दाब स्पष्ट दिसेल असा), अंगावर घातलेला, १० रुपयांच्या नाण्याशेजारी आणि डबीत ठेवलेला. ते नाणं २७ मिमीचं असतं, त्यामुळे आकार डोळ्यांना लगेच कळतो. उन्हाचा झोत टाळा. पावसाळी ढगाळ उजेड खिडकीतून आला की चकाकी आपोआप मऊ होते. जांभ्याच्या चिऱ्यावर दागिना ठेवायचा मोह कोकणात सगळ्यांना होतो. टेराकोटाला तो शोभतो, पण चकचकीत चांदीत चिऱ्याचा तांबूस रंग उतरतो आणि चांदी तांब्यासारखी दिसते. तिथे राखाडी कापड बरं. मोती मात्र पांढऱ्यावर हरवतात, त्यांना गडद पार्श्वभूमी द्या.

फोनमधला ४-५ एमबीचा फोटो तसाच चढवू नका. १६०० पिक्सेलचा चौरस कापा, वेबपी (WebP, वेबसाठीचा हलका फाइल-प्रकार) मध्ये जतन करा, २०० केबीच्या आत ठेवा. फोटो काढणारीने तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर तपशील आधीच दाबला गेलेला असतो. ‘लेझी लोडिंग’ (खाली सरकवल्यावरच फोटो उतरवण्याची सोय) पानावरच्या पहिल्या मोठ्या फोटोला लावू नका, तो उलट उशिरा उमटतो. मग वायफाय बंद करून जिथे रेंजची एकच कांडी येते तिथे साइट उघडा. साइटचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये मोबाइलचा निकाल बघा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखाच दिसणाऱ्या अक्षरांत. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर चिकटवला की नुसती चिन्हं उमटतात. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा, कारण देवनागरी पत्ता चॅटमध्ये चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. शीर्षकात ‘नथ’ देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही लिहा. लोक दोन्ही प्रकारे शोधतात.

गौरी-गणपतीच्या ऑर्डरी हा वेगळाच प्रकार. चाकरमानी मुंबईच्या पत्त्यावर मागवतात आणि पार्सल पोचेपर्यंत गावी निघालेले असतात. कुरियरवाला बंद दारावरून परततो. चेकआउटला, म्हणजे पत्ता आणि पैसे भरायच्या पानावर, सरळ एक रकाना घाला: ‘गणपतीत पार्सल कुठे हवं, मुंबईत की गावी?’ गावचा पत्ता असेल तर वाडीचं नाव आणि गावात असलेल्या माणसाचा नंबर सक्तीचा करा. शेवटची तारीख साइटच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लावा आणि ती नेहमीच्या वेळेपेक्षा निदान चार दिवस आधीची धरा. पावसात घाटात दरड आली की वाहतूक अडते आणि ते कुणाच्या हातात नसतं. गौरीच्या नथीसाठी मुखवट्याची उंची आणि नाकाला छिद्र आहे का, हेही तिथेच विचारा.

पैशांबाबत थोडक्यात: पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्यावरच माल पाठवा. मापानुसार बनवलेल्या वस्तूला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू नका. पार्सल परत आलं तर येण्या-जाण्याचा खर्च तुमच्या माथी आणि वस्तू दुसऱ्या कुणाला बसत नाही.

तळाशी व्यवसायाचं नाव, पूर्ण पत्ता, परतीचे नियम आणि तक्रार घेणाऱ्या व्यक्तीचं नाव व संपर्क द्या. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवायचं आणि महिनाभरात ती मिटवायची असते. घरगुती धंद्याच्या साइटवर नेमकं हेच पान बहुधा राहून जातं.

एकच नग असलेली वस्तू विकली गेली की तिचं पान खोडू नका. गूगलवरून किंवा जुन्या चॅटमधून येणाऱ्याला मग रिकामं पान दिसतं. ‘विकली गेली’ असं लिहा, खाली तशाच तीन वस्तू दाखवा आणि ‘अशीच करून हवी’ हे बटण ठेवा. ते व्हॉट्सअ‍ॅपला जोडताना नंबर ९१ पासून सुरू करा, अधिक चिन्ह किंवा मोकळी जागा न सोडता, आणि संदेशात वस्तूचं नाव आधीच भरून ठेवा. नाहीतर गिऱ्हाईक ‘हाय’ लिहून थांबतं आणि कोणती वस्तू ते तुम्हालाच विचारत बसावं लागतं.