वर्गातल्या वर्गात खेळ: तळ्यात-मळ्यात, चिमणी भुर्र आणि पाऊस कसे घ्यावेत

पहिली-दुसरीचं मूल बसून कंटाळलं की आधी त्याचे पाय बोलायला लागतात. चुळबुळ सुरू होते, शेजारच्याला कोपर लागतं, ‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ची रांग लागते. अशा वेळी पाच मिनिटं ओरडण्यात घालवण्यापेक्षा पाच मिनिटं खेळात घालवावीत. लागतो तो फक्त खडू आणि आपला आवाज. मैदान नको, साहित्यपेटी नको.

तरीही बरेच शिक्षक एकदा खेळ घेतात, गोंधळ होतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. गोंधळाचं कारण बहुतेक वेळा खेळात नसतं. एक तर थांबायचं कसं ते मुलांना आधी शिकवलेलं नसतं, नाहीतर ‘आउट’ झालेली मुलं कडेला बसून दंगा करत असतात. या दोन गोष्टी आधी नीट लावून घ्या.

आधी थांबायला शिकवा

खेळ सुरू करण्याआधी थांबण्याची खूण पक्की करा. शिक्षकाने टाळ्यांचा एक ठेका द्यायचा: दोन सावकाश, तीन भरभर. मुलांनी तोच ठेका परत वाजवायचा आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून जागच्या जागी थांबायचं. पहिल्या दिवशी खेळच घेऊ नका. मुलांना जागेवर चालायला लावा, मध्येच ठेका द्या, थांबवा. असं पाच-सहा वेळा झालं की खूण अंगवळणी पडते.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे, पण खेळासाठी ते सोयीचं नाही. हात डोक्यावर असले की कोण थांबलंय आणि कोण नाही, हे शेवटच्या रांगेपर्यंत एका नजरेत कळतं. शिट्टी मैदानावर ठीक. बंद खोलीत ती कानाला बोचते आणि शेजारचा वर्गही दचकतो.

मग जागा मोकळी करा. दप्तरं भिंतीला, बाकं असतील तर मागे. पाण्याच्या बाटल्या दप्तरांच्या पलीकडे, कारण सांडलेल्या पाण्यावरच मुलं सर्वांत जास्त घसरतात. पायमोजे काढायला लावा. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उडी मारणं धोक्याचं आहे, अनवाणी पाय पकड घेतो.

तळ्यात-मळ्यात

हा खेळ सगळ्यांना येतो, म्हणून तो वर्गात नीट मांडायचा राहून जातो.

१. जमिनीवर खडूने सरळ रेघ ओढा. खडू पाण्यात बुडवून घेतला तर वाळल्यावर रेघ ठळक दिसते आणि पायांखाली लवकर पुसली जात नाही.

२. एका मुलाला दोन फूट जागा धरा. वीस फूट लांबीच्या खोलीत एका रेघेवर दहा मुलं मावतात. खोली सोळा फूट रुंद असेल तर एका भिंतीपासून ३, ८ आणि १३ फुटांवर अशा तीन रेघा बसतात, म्हणजे तीस मुलं. पट अधिक असेल तर अर्धा वर्ग खेळेल आणि अर्धा वर्ग भिंतीशी बसून शब्द पुकारेल.

३. रेघेची फळ्याकडची बाजू तळं, दाराकडची बाजू मळा. सगळी मुलं मळ्यात, फळ्याकडे तोंड करून उभी.

४. ‘तळ्यात’ म्हटलं की दोन्ही पाय जुळवून पुढे उडी, ‘मळ्यात’ म्हटलं की मागे उडी. आहे त्याच जागेचं नाव आलं तर हलायचं नाही. मागची उडी लहानच मारायची, वीतभर पुरे. हे आधी करून दाखवा, नाहीतर मुलं मागच्या रांगेवर आदळतात.

५. पहिले पाच पुकार सावकाश, प्रत्येकी तीन सेकंदांनी. मग दोन सेकंदांवर या. त्याहून जलद जाऊ नका. पहिलीतल्या मुलाला ऐकून, ठरवून उडी मारायला तेवढा वेळ लागतोच.

खरी मजा पुकारण्याच्या क्रमात आहे. तळ्यात, मळ्यात, तळ्यात, मळ्यात असं आळीपाळीने म्हटलं तर मुलं ऐकणंच सोडतात आणि नुसती तालावर उड्या मारतात. त्याऐवजी असं पुकारा: तळ्यात, मळ्यात, मळ्यात, तळ्यात, तळ्यात, तळ्यात, मळ्यात. दुसऱ्या ‘मळ्यात’ला निम्मा वर्ग उडी मारून बसतो. उचललेलं पाऊल आवरणं हाच तर इथला अभ्यास आहे. सात वर्षांच्या मुलाला उडी मारण्यापेक्षा न मारणं कितीतरी अवघड जातं.

इथे एक चूक शिक्षकाकडून होते. ‘तळ्यात’ म्हणताना आपण नकळत पुढे झुकतो, हात हलवतो. मुलं शब्द ऐकत नाहीत, आपल्याकडे पाहून उडी मारतात. म्हणून हात पाठीमागे बांधून ताठ उभे राहा, किंवा वर्गाच्या मागे जाऊन पुकारा. शेजारच्याचं पाहून अर्ध्या क्षणाने उडी मारणारी मुलंही असतात. त्यांना टोकू नका. अर्धा वर्ग खेळवला की पाहायला कमी जण उरतात आणि ती आपोआप कान देऊ लागतात.

खेळ बसला की शब्द बदला. अंक पुकारा: सम आला तर आत, विषम आला तर बाहेर. सजीव आत, निर्जीव बाहेर. आमच्या मते यातला सर्वांत उपयोगी प्रकार ‘ळ’ आणि ‘ल’चा आहे. शब्दात ‘ळ’ ऐकू आला तर आत, ‘ल’ ऐकू आला तर बाहेर. जोड्या अशा घ्या: माळ-माल, गाळ-गाल, मूळ-मूल, वेळ-वेल, काळ-काल. मुलाला हे लिहायला सांगितलं तर वहीभर लाल शेरे होतात. पायांनी ओळखायला सांगितलं तर कान तयार होतो. एक काळजी मात्र घ्या. वऱ्हाडात घरी ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो. अशा मुलाच्या तोंडून ‘ळ’ काढून घेण्याचा हा खेळ नाही. त्याला ऐकू आला, त्याने बरोबर उडी मारली, एवढं पुरे. घरच्या बोलीला वर्गात हसू येणार नाही, हे पाहणं शिक्षकाचं काम.

पावसाळ्यात ओल्या पायांनी फरशी निसरडी होते, तेव्हा उड्या बंद. बसून हातांनी खेळा: हात गुडघ्यांवर म्हणजे तळं, डोक्यावर म्हणजे मळा. वर्गात एखादं मूल पायाने अधू असेल तर कायमच असा खेळा, आणि सगळ्यांनीच खेळा. त्याला नुसतं पुकारायला बसवणं म्हणजे खेळाबाहेर ठेवणंच. ऐकू कमी येणारं मूल असेल तर पुकारताना निळा किंवा हिरवा कागदही वर धरा. बसून खेळताना डोळे मिटायला सांगता येतं आणि शेजारच्याचं पाहण्याचा प्रश्नच मिटतो. उभ्या खेळात मात्र डोळे कधीही मिटायला लावू नका.

चुकलेल्याला बाहेर काढू नका

आउट करण्याची पद्धत मैदानावरून आली आणि वर्गात तशीच राहिली. पण पहिल्या तीन पुकारांतच जे मूल बाद होतं, त्यालाच या सरावाची सर्वांत जास्त गरज असते. तेच मूल मग चार मिनिटं कडेला बसतं आणि ज्याला सगळं येतं ते शेवटपर्यंत खेळतं. चुकलेल्याने खाली वाकून जमिनीला हात लावायचा आणि पुढच्या पुकाराला परत खेळात यायचं, एवढीच शिक्षा ठेवा.

चुरस हवी असेल तर ती वर्ग आणि शिक्षक यांच्यात लावा. फळ्यावर दोन रकाने करा. वीस पुकार घ्या. एका पुकाराला तीनपर्यंत मुलं चुकली तर रेघ वर्गाच्या रकान्यात, त्याहून जास्त चुकली तर तुमच्या रकान्यात. कोण चुकलं हे कोणी मोजत बसत नाही, सगळे मिळून तुम्हाला हरवायला बघतात.

शिवाजी म्हणतो

‘शिवाजी म्हणतो, हात वर’ म्हटलं तर हात वर करायचा, नुसतं ‘हात वर’ म्हटलं तर नाही. काही शाळांत ‘बाई म्हणतात’ किंवा ‘गुरुजी म्हणतात’ असं घेतात, तेही छान चालतं. पहिलीत पहिले दोन दिवस फसवाफसवी ठेवू नका, नुसत्या सूचना द्या आणि करून घ्या: नाकाला हात, उजवा कान, एका पायावर उभे. डावं-उजवं पक्कं नसेल तर उजव्या मनगटाला दोरा बांधा. आणि मुलांकडे तोंड करून उभे असाल तर तुमचा उजवा त्यांना डावा दिसतो, हे विसरू नका. पाठ करून उभे राहा, नाहीतर करून दाखवूच नका.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे आणि तिथे हा खेळ फार कामाला येतो. जेम्स आशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भाषा शिकवण्याची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच: मुलाने आधी ऐकावं, अंगाने प्रतिसाद द्यावा, बोलणं मागून येतं. ‘स्टँड अप’, ‘टर्न अराउंड’, ‘टच युवर नोज’ अशा सूचना रोज चार जुन्या आणि दोनच नव्या घ्या. मुलांकडून लगेच वदवून घेण्याची घाई नको.

चिमणी भुर्र

गोल करून मांडी घालून बसायचं, प्रत्येकाची तर्जनी जमिनीवर. ‘चिमणी भुर्र’ म्हटलं की बोट वर, ‘म्हैस भुर्र’ म्हटलं की बोट जमिनीवरच. दहा-बारा मुलांचा एक गोल बरा. उडणारी दोन नावं झाली की न उडणारं एक, असं प्रमाण ठेवा. न उडणारी नावं फार झाली तर मुलं सावध होतात आणि बोट उचलतच नाहीत.

पंधरा नावं आधीच कागदावर लिहून ठेवा. आयत्या वेळी कावळा, पोपट, घार झालं की सुचत नाही आणि लय मोडते. काही नावं मुद्दाम वाद घालणारी निवडा: कोंबडी, मोर, वटवाघूळ, शहामृग. ‘कोंबडी भुर्र’ म्हटलं की निम्मी बोटं वर आणि निम्मी खाली. तिथे खेळ थांबवा. ज्याच्या घरी कोंबड्या आहेत तो सांगेल की ती फडफडत कुंपणावर जाते, पण चिमणीसारखी आभाळात जात नाही. वटवाघूळ उडतं पण पक्षी नाही, शहामृग पक्षी असून उडत नाही. परिसर अभ्यासाचा अर्धा तास इथे फुकट मिळतो, तो घाईने उरकू नका.

गट करा

मुलं खोलीत मुंगीच्या चालीने फिरतात, म्हणजे टाचेला बोटं लावत पाऊल टाकतात. धावायला परवानगी नाही. शिक्षक टाळ्या वाजवतात, जितक्या टाळ्या तितक्यांचा गट. उरलेली मुलं ‘बेटावर’ जातात आणि पुढचा आकडा तीच ठरवतात.

इथे आधी थोडं गणित करा. एकटं मूल उरणं वाईट. चार जण उरले तर त्याचं कुणाला काही वाटत नाही. हजेरी पंचवीस असेल तर २, ३, ४, ६ यांतला कोणताही आकडा घेतला तरी नेमका एकच जण उरतो, कारण चोविसाला या सगळ्यांनी भाग जातो. त्या दिवशी ५ किंवा ७ घ्या, किंवा स्वतः खेळात उतरा. तेवीस असतील तर चारचे पाच गट होऊन तिघं उरतात, ते उत्तम. दुसरीच्या मुलांना ‘किती उरले?’ हे दर वेळी मोजायला लावा. पुढे भागाकारात बाकी आली की ती ओळखीची वाटते. मैत्रिणी-मैत्रिणी हात धरूनच फिरत असतील तर ‘या वेळी मघाच्या गटातलं कुणी नको’ असं सांगा.

शेवटी पाऊस

खेळ संपला की वर्ग तापलेला असतो. अशा वेळी लगेच ‘वह्या काढा’ म्हटलं तर पुढची दहा मिनिटं वाया जातात. त्याआधी पाऊस पाडा. डाव्या तळव्यावर उजव्या हाताचं एक बोट, टप टप. मग दोन बोटं, तीन, चार, मग पूर्ण टाळी, मग मांड्यांवर दोन्ही हात, म्हणजे धो धो. प्रत्येक पायरीला पाच सेकंद. परतताना तोच क्रम उलटा, पण प्रत्येक पायरीला दहा सेकंद द्या. चढण्यापेक्षा उतरायला दुप्पट वेळ दिला तरच वर्ग खरोखर शांत होतो.

या वेळी तोंडाने काही बोलू नका, नुसती बोटं दाखवा. ‘आता दोन बोटं!’ असं ओरडलात तर पावसाचा आवाज ऐकूच येत नाही. दोन बोटांनाच गडगडाट झाला तर समजावं की मुलं मनगटातून मारतायत. तळवा स्थिर ठेवून फक्त बोट हलवायचं, हे जवळ जाऊन दाखवा. शेवटच्या बोटानंतर सगळे हात मांडीवर, आणि बाहेरचे तीन आवाज ऐकायचे. तिन्ही आवाज सांगून होईपर्यंत श्वास खाली आलेला असतो.

वेळ पाच ते सात मिनिटंच. मुलं ‘अजून एकदा, बाई’ म्हणत असतानाच थांबा, कंटाळेपर्यंत खेळवलं की दुसऱ्या दिवशी तोच खेळ पडतो. खिचडीनंतर अर्धा तास उड्या नकोत, तेव्हा चिमणी किंवा पाऊस घ्या. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन इयत्ता असतील तर मोठ्यांना लिहायला बसवून लहानांना खेळवू नका, कोणाचंच धड होत नाही. मोठ्यांना आळीपाळीने पुकारायला द्या. आठवडाभर एकच खेळ ठेवा आणि नवा सोमवारी काढा. शनिवारी सकाळच्या शाळेत जुन्यांतला कोणता घ्यायचा, ते हात वर करून मुलांनी ठरवावं.